छाया कुणाची?

चित्रपटावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली बावीस वर्षे नेवासे तालुक्यातल्या एका शाळेत मुलांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र शिकवतो आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चार छापून आल्या, त्यांतली एक दोनदा छापली गेली. एवढ्या भांडवलावर माणसाने आपल्या गावात साहित्यिक म्हणून मिरवावे, व्याख्याने द्यावीत, हे ओघानेच येते. मीही ती देत असे. हा लेख अशाच एका व्याख्यानात झालेल्या फजितीतून निघाला आहे.

चार वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात मी ‘कादंबरी आणि चित्रपट’ या विषयावर बोललो. उदाहरण घेतले होते ते ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचे आणि तिच्यावरून प्रभातने १९३७ साली काढलेल्या ‘कुंकू’चे. जरठाशी लग्न लावून दिलेली आणि ते लग्न मनाने कधीच न मानणारी नीरा कादंबरीत कशी, पडद्यावर कशी; शांतारामबापूंनी काय ठेवले, काय गाळले; शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी कोणत्या जागा घेतल्या, असे सगळे मी तासभर सांगितले. टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. धोतर, टोपी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत ऑपरेटर म्हणून काढली, हे मला नंतर समजले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मीही इथे तेवढेच म्हणतो.

ते म्हणाले, “गुरुजी, कादंबरी कुणाची ते तुम्ही सांगितलं. डायरेक्टर सांगितला. कामं कुणी केली तेही सांगितलं. पण छाया कुणाची, ते राहिलं.”

मला नाव ठाऊक नव्हते. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तात्या शांतपणे म्हणाले, “अवधूत. व्ही. अवधूत. लिहून ठेवा.” आणि खाली बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, याचे कारण निव्वळ फजिती हे नव्हते. आठवीच्या वर्गात टेबलावर मडके ठेवून मी मुलांना ते काढायला लावतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “उजेड कुठून येतोय?” ज्याला ते दिसले नाही त्याचे मडके कागदावर चपटे राहते, भाकरीसारखे. गोलाई रेषेने येत नाही. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यामधल्या करड्या पट्ट्याने येते. बावीस वर्षे हे वाक्य घोकवणाऱ्या माणसाने ‘कुंकू’ सात-आठ वेळा पाहावा आणि हा प्रश्न त्याला एकदाही पडू नये? मी गोष्ट पाहत होतो. आम्हा लेखक मंडळींची ही खोडच आहे. चित्रपट म्हणजे हलणारी कादंबरी असे आम्ही मनात धरून चालतो, आणि मग जे शब्दांत सांगता येते तेवढेच आम्हाला दिसते.

बाहेरच्या जगात हे अगदीच असे नाही. स्वीडनमध्ये स्वेन निकव्हिस्ट नावाचा छायालेखक होऊन गेला (१९२२–२००६). इंगमार बर्गमनच्या ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ आणि ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ या दोन चित्रपटांच्या छायालेखनासाठी त्याला ऑस्कर मिळाले. ‘विंटर लाइट’ (१९६३) करण्यापूर्वी तो आणि बर्गमन एका चर्चमध्ये जाऊन बसले आणि हिवाळ्यातला उजेड मिनिटामिनिटाला कसा सरकतो ते पाहत राहिले. मग तोच उजेड त्याने स्टुडिओतल्या चर्चमध्ये दिव्यांनी निर्माण केला. आपल्या देशातही तो आला होता. हेर्मान हेसेच्या कादंबरीवरचा ‘सिद्धार्थ’ (१९७२), ज्यात शशी कपूर होते, त्याचे छायालेखन निकव्हिस्टचे. पुढे तारकोव्हस्कीच्या ‘द सॅक्रिफाइस’साठी १९८६ साली कान महोत्सवात त्याचा सन्मान झाला. बर्गमनविषयी बोलताना त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. अमेरिकेत तर १९२९ सालच्या पहिल्या ऑस्कर समारंभापासूनच छायालेखनाला वेगळे पारितोषिक आहे.

आपल्याकडे १९६९ साली सुरू झालेला दादासाहेब फाळके पुरस्कार एका छायालेखकाला पहिल्यांदा मिळाला तो २००८ सालचा. मानकरी होते गुरुदत्तांच्या चित्रपटांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती. म्हणजे जे फाळके स्वतः कॅमेऱ्याचे हँडल फिरवीत, त्यांच्या नावाचा मान कॅमेरा धरणाऱ्याच्या हाती यायला चाळीस वर्षे लागली. आणि ‘संत तुकाराम’? १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत त्याचा गौरव झाला, हे आम्ही शाळेतल्या मुलांनाही अभिमानाने सांगतो. गौरव चित्रपटाचा झाला. त्यातला उजेड व्ही. अवधूत यांचा होता, हे वाक्य मी तरी माझ्या तोंडून कधी काढले नव्हते.

तात्यांनी लिहून ठेवायला सांगितले होते म्हणून मी वही घातली. अवधूतांचे चित्रपट एका ओळीत लिहिले तर ती ओळ पाहूनच माणूस थबकतो. ‘अमरज्योती’ आणि ‘संत तुकाराम’ १९३६, ‘कुंकू’ १९३७, ‘माणूस’ १९३९, ‘शेजारी’ १९४१. शांतारामबापूंनी १९४२ साली प्रभात सोडून राजकमल काढल्यावर ‘शकुंतला’ १९४३ आणि सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवरचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६. दहा वर्षांत एवढे. मराठी चित्रपटाचा सुवर्णकाळ म्हणून जो आपण सांगतो, त्याची निम्मी चित्रे या एका माणसाच्या भिंगातून आलेली आहेत.

परंपरा मोठी होती, हे खरे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून स्वतः कॅमेरा बनवला, ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम दिव्यांवर चित्रण केले, त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम तयार झाले. चित्रकाराच्या घरातच आपला चित्रपट वाढला, हे मला चित्रकला शिक्षक म्हणून फार सुखाचे वाटते. प्रभातचे सुरुवातीच्या काळातले छायालेखक केशवराव धायबर. ‘अमृतमंथन’मधला (१९३४) चंद्रमोहन यांचा पडदाभर आलेला डोळा अजून लोकांच्या आठवणीत आहे. त्यानंतर प्रभातच्या मोठ्या चित्रांवर अवधूत आले. म्हणजे उजेडाचे शास्त्र त्यांना आयते मिळाले, असे कुणी म्हणेल. शास्त्र मिळाले असेल. पण धायबरांचा तो डोळा आपल्याला दचकवण्यासाठी आहे. अवधूत दचकवत नाहीत. म्हणूनच तर आम्हाला ते दिसले नाहीत.

‘संत तुकाराम’ घ्या. त्यात चमत्कार भरपूर आहेत. धान्याचा पाऊस पडतो, शत्रूला कीर्तनातल्या माणसामाणसांतून शिवाजी दिसू लागतो, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत येतात, शेवटी वैकुंठाचे विमान येते. दुसऱ्या कुणी अशा जागी प्रकाशाचे झोत सोडले असते, धूर सोडला असता, देवाच्या मागे तेजोवलय लावले असते. अवधूतांनी चमत्काराला वेगळा उजेड दिलेला नाही. जिजाईच्या अंगणात, तिच्या म्हशीच्या पाठीवर जे ऊन पडते तेच. माझ्या मते त्या चित्राचे सगळे सामर्थ्य इथे आहे. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पाहा. त्या चेहऱ्यावर सावली जवळजवळ नाही. कपाळ, डोळे, गाल एका सपाट, शांत उजेडात आहेत. मी वर्गात जी गोलाई शिकवतो ती इथे मुद्दाम टाळलेली आहे. विठ्ठलाच्या काळ्या मूर्तीसमोर बसलेला हा माणूस पंढरपूरच्या दुकानात मिळणाऱ्या तसबिरीइतका सपाट आणि तितकाच आपला वाटतो. याउलट जिजाई. गौरीबाईंच्या चेहऱ्यावर हाडे दिसतात, घाम दिसतो. आजारी पोराला ओढत ती देवळात येते, पांडुरंगावर चप्पल उगारते, तेव्हा तिच्या अंगावरचा उजेड कष्टाचा आहे. एकाच घरातली दोन माणसे, एक तसबिरीतले आणि एक अंगणातले. ही गोष्ट संवादांत कुठेही नाही.

या चित्रावर गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी इंग्रजीत गंभीरपणे लिहिले आहे आणि त्यातल्या समोरासमोरच्या दर्शनाची चर्चा केली आहे. मी मात्र ती गोष्ट पहिल्यांदा समजून घेतली ती माझ्या आजीकडून. लहानपणी आषाढीच्या सुमारास दूरदर्शनवर ‘तुकाराम’ लागला की आजी पदर डोक्यावरून घेऊन बसे. संचावर इतर सिनेमे लागत तेव्हा ती भाजी निवडत असे. पागनीस दिसले की निवडणे थांबे. तिला मी एकदा विचारले, हे खरे तुकाराम आहेत का? ती म्हणाली, “खरे नसतील, पण नजर खाली टाकत नाहीत.” उजेड सपाट असल्याशिवाय नजर अशी दिसत नाही, हे मला पुढे कळले.

‘कुंकू’ घराच्या आतला आहे. तिथे ऊन दाराशीच थांबते. काकासाहेबांच्या त्या मोठ्या वाड्यात खोल्यांना खोल्या लागलेल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत थोडा कमी उजेड आहे. नीरा जिथे उभी असते तिथे तो असतो. काकासाहेब जिथून तिच्याकडे पाहतात तिथे नसतो. भिंतीवरचे घड्याळ आणि फुटलेला आरसा यांविषयी मी व्याख्यानात पुष्कळ बोललो होतो, ‘प्रतीक’ हा शब्दही चारदा वापरला होता. आता पाहतो तो मला त्या आरशाचे तुकडे आठवतात ते त्यांच्या अर्थामुळे नव्हे. त्या म्हाताऱ्या चेहऱ्याची एकेक सुरकुती वेगळ्या तुकड्यात वेगळ्या उजेडात आली आहे, आणि आपल्याला त्या माणसाचा राग यायच्या ऐवजी कीव येते, म्हणून. आपट्यांच्या कादंबरीत आणि पटकथेत काकासाहेबांना माणूस म्हणून वागवले आहेच. पण पडद्यावर त्यांना शेवटची दया दाखवली ती दिव्याने. केशवराव दाते यांच्या अभिनयाला मी यातून काही कमी करत नाही. मात्र अंधारात बसलेल्या नटाचे दोन डोळे तेवढे दिसतील असा दिवा लावणे, हेही कुणाचे तरी काम होते.

आता ‘माणूस’. इथे मी आमच्या नगरचा म्हणून थोडा पक्षपात करणार, तो वाचकांनी पोटात घालावा. यातला पोलीस शिपाई गणपत, बिल्ला नंबर २५५, म्हणजे शाहू मोडक. ते १९१८ साली नगरला जन्मले. (आता शहराला आणि जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणायचे; तोंडातून नगर जायला वेळ लागेल.) शाहू मोडक म्हटले की लोकांना कृष्ण आठवतो, नाहीतर ज्ञानेश्वर. तो चेहराच तसा होता; गोड, गुळगुळीत, आरतीच्या ताटासमोर शोभणारा. अशा चेहऱ्याच्या माणसाला खाकी कपडे चढवून वेश्यावस्तीतल्या छाप्यात उभे करायचे आणि तो शिपाई वाटला पाहिजे, हा प्रश्न अवधूतांपुढे होता.

उत्तर त्यांनी सावलीत शोधले. शांतारामबापू १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढण्यासाठी जर्मनीला जाऊन आले होते. ते रंग फसले, पण तिथल्या चित्रपटांतल्या लांबलचक सावल्या त्यांच्याबरोबर इकडे आल्या, असे म्हणतात ते बरोबर असावे. ‘माणूस’मध्ये जिन्यावर, भिंतींवर, अरुंद बोळात त्या पडलेल्या दिसतात. पण जर्मन सावली भुतासारखी असते. तिला माणसापेक्षा मोठे व्हायचे असते. अवधूतांच्या सावलीला आपला जिना ठाऊक आहे, आपली चाळ ठाऊक आहे. शांता हुबळीकरांची मैना तिच्या खोलीत बसते तेव्हा बाहेरच्या उजेडाचा एक पट्टा आत येऊन थबकतो, आणि गणपत उभा असतो तो नेमका त्या पट्ट्याच्या कडेवर. अर्धा चेहरा कृष्णाचा, अर्धा अंधारात. तिला घरी न्यावे की नाही, आईला काय सांगावे, हे त्याचे द्वंद्व अनंत काणेकरांच्या संवादांतही आहे. मला ते आधी त्या गालावर दिसते. सुंदर चेहऱ्याला विद्रूप न करता त्याचा देवपणा कसा काढून घ्यायचा, याचा हा धडा आहे. मी तो माझ्या तिसऱ्या कादंबरीत न कळत गिरवला होता, हे वही लिहिताना लक्षात आले. त्या कादंबरीतला तलाठी कायम उंबऱ्यावर उभा असतो. एका समीक्षकाने त्याबद्दल माझी स्तुती केली होती. ती मी बिनतक्रार घेतली.

‘शेजारी’वर मी फार लिहीत नाही. जिवबा आणि मिर्झा यांच्या मैत्रीचे ते चित्र, शेवटी धरणाच्या पाण्यात दोघेही जातात. विश्राम बेडेकरांची कथा मोठी, धरण मोठे, रात्रीचे ते समूहनृत्य तर विलक्षण झगमगते. पण मला त्यात अवधूतांपेक्षा स्टुडिओ अधिक दिसतो. ‘शकुंतले’त तर उजेड दागिन्यासारखा घातलेला आहे. कण्वाचा आश्रम कॅलेंडरवरच्या आश्रमासारखा लखलखतो. ज्या हाताने जिजाईचे अंगण दाखवले त्याच हाताने हे दाखवावे, याचे वाईट वाटते. तात्यांना मी हे बोललो तेव्हा ते रागावले. “धंदा असतो गुरुजी. मालक म्हणेल तसा दिवा लावावा लागतो,” असे म्हणाले. शाळेच्या गॅदरिंगचे पडदे रंगवताना मीही हेच करतो, म्हणून गप्प राहिलो.

इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. उजेड छायालेखकाचा की दिग्दर्शकाचा? दामले आणि फत्तेलाल हे स्वतः चित्रकार, स्वतः कॅमेरा चालवलेले. शांतारामबापू तर कॅमेरा कुठे ठेवायचा हे कुणाला विचारणारे नव्हेत. मग ‘तुकाराम’चा सपाट उजेड दामले-फत्तेलालांचा आणि ‘माणूस’ची सावली शांतारामांची, असेच का म्हणू नये? अवधूत दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडे वेगळे दिसतात, यावरून त्यांचे स्वतःचे काही नव्हते असे सिद्ध होत नाही काय?

मी यावर पुष्कळ विचार केला. तमाशातल्या ढोलकीवाल्याचे उदाहरण मनात आले. लावणी बदलली की ढोलकी बदलते. म्हणून ढोलकीवाल्याला स्वतःचा हात नाही असे आपण म्हणत नाही. हात ओळखू येतो तो ठेका बदलताना. या चित्रांत मला तो हात एका ठिकाणी सतत दिसतो. दिग्दर्शक कुणीही असो, खोलीत ज्या बाजूने उजेड येणे शक्य नाही त्या बाजूने तो नटाच्या तोंडावर येत नाही. त्या काळची फिल्म मंद होती. मंद म्हणजे तिला चित्र उमटवायला उजेड भरमसाट लागे. सेटवर दिवे असे ओतावे लागत की नटांच्या चेहऱ्यावरचा रंग वितळावा. एवढा उजेड ओतल्यावर तो कुठून येतो हे लपवणे सोपे नसते, आणि बहुतेक जण ते लपवीतही नसत. त्या वेळची इतर चित्रे पाहिली तर नायिकेच्या झोपडीत चारी बाजूंनी दिवाळी असते. अवधूतांच्या खोलीला खिडकी असेल तर उजेड खिडकीतून येतो. समई असेल तर समईपुरता पडतो. हा नियम कोणत्या दिग्दर्शकाने घालून दिला असेल तर त्याने तो आपल्या इतर छायालेखकांनाही घालून दिला असता. हा माझा पुरावा. कोर्टात टिकणार नाही, पण चित्रकलेच्या वर्गात टिकेल.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मी हे सगळे कशाच्या आधारावर बोलतो? आज आपण पाहतो ती ‘माणूस’ची मूळ प्रत नव्हे. ती चित्रे नायट्रेटच्या फिल्मवर घेतलेली असत. त्या फिल्मवर चांदीचे कण असतात, पांढरा रंग दुधासारखा चमकतो आणि काळा विहिरीसारखा खोल दिसतो. पण ती फिल्म कापरासारखी पेट घेते आणि न पेटली तरी वर्षानुवर्षांत आपोआप कुजते. पुण्याला जिथे प्रभातचा स्टुडिओ होता, तिथेच पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली. त्या आवारातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारात २००३ साली आग लागली आणि जुन्या नायट्रेट चित्रपटांच्या शेकडो डब्यांची राख झाली. आपल्या हाती आहेत त्या प्रतीच्या प्रती. प्रत्येक प्रतीत काळा थोडा करडा होतो, पांढरा थोडा मळतो. मी मुलांना झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेला वस्तुचित्राचा नमुना दाखवतो, तसे हे. मडक्याची गोलाई असते त्या मधल्या पट्ट्यातच, आणि आधी जातो तो तोच पट्टा. गोष्ट मात्र शेवटच्या प्रतीतही शाबूत राहते. म्हणून आपल्याला गोष्ट आठवते, नट आठवतात, गाणी आठवतात. छायालेखकाची कला विसरली गेली ती लोक कृतघ्न म्हणून नव्हे. ती आपल्या डोळ्यांदेखत अक्षरशः पुसली गेली आहे.

या अडचणीवर मला तोडगा सापडला तो तात्यांपाशी. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांच्या तंबूने जिल्ह्यातल्या यात्रा धरून वर्षे काढली. मढीला कानिफनाथाची, मोहट्याला देवीची. प्रभातची जुनी चित्रे यात्रेत फार चालत, विशेषतः ‘तुकाराम’. तेव्हा प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये वीज पेटवायची आणि त्या जळत्या ठिणगीचा उजेड फिल्ममधून पडद्यावर टाकायचा. कांड्या जळत जातात, अंतर वाढते, उजेड पिवळा पडतो. ऑपरेटरने सतत त्या हळूहळू जवळ आणत राहायचे. “बाकी कुठलंबी पिक्चर लावलं तर मी बिडी प्यायला बाहेर जायचो,” तात्या म्हणाले. “‘माणूस’ला नाही. काळोखातला शिन आला की कार्बन जवळ घ्यायचा, नायतर लोकं शिट्ट्या मारायची, दिसत नाही म्हणून. आणि लई जवळ घेतला की काळोख मरायचा. मग तीच लोकं गप बसायची, पण मला झोप यायची नाही.”

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो. ज्या माणसाने पाचवीत शाळा सोडली, त्याला ‘काळोख मरतो’ हे कळत होते. मी ‘प्रतीक’ हा शब्द चारदा वापरला होता.

मग मी त्यांना एकेका प्रसंगाविषयी विचारू लागलो, मूळ प्रिंटवर तो कसा दिसे ते. वही भरली ती अशी. जिजाई देवळात येते तेव्हा मूर्ती काळी होती की करडी? “काळी. डोळे तेवढे दिसायचे.” मैनाच्या खोलीतला पट्टा केवढा होता? त्यांनी दोन्ही हातांनी हवेत रुंदी दाखवली, वीतभर. काकासाहेबांचा आरसा? तो रीळ तुटका होता, नीट आठवत नाही, म्हणाले. ज्याची खात्री नाही ते तात्या सांगत नसत. माझ्यासारख्या कादंबरीकाराला ही सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी होती. त्यांनी पाहिलेली प्रिंटही काही पहिली नव्हती, यात्रांतून घासलेलीच होती. तरी माझ्या संगणकावरच्या चित्रापेक्षा ती अवधूतांना दोन पिढ्यांनी जवळची.

या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी शाळेचा प्रोजेक्टर मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला आणि तात्यांना जीपमध्ये घालून बोलावले. ओसरीच्या भिंतीला चुना नुकताच दिला होता. पडदा म्हणून तीच घेतली. आठवीतली पाच-सहा मुले आली, त्यांच्या आया आल्या. ‘माणूस’ लावला. सुरुवातीची नावे सरकू लागली तशी मी चित्र थांबवले आणि मुलांना छायालेखकाचे नाव मोठ्याने वाचायला लावले. तात्यांना हे आवडले नाही. नावे पळत असतानाच वाचायची असतात, असे त्यांचे म्हणणे.

छाप्याच्या प्रसंगाशी ते अस्वस्थ झाले. खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“गुरुजी, याला कांडी कुठाय?”

कांडी नसते, उजेड कमी-जास्त करायचे बटण असते, असे मी सांगितले आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मग भिंतीकडे पाहत अंगठ्याने एकदा, दोनदा दाबला. ओसरीवरचा उजेड उतरला. मागून कुणीतरी “दिसंना” म्हणाले. तात्यांनी मान वळवली नाही. आणखी एकदा दाबले, थांबले, अर्धा घर परत वर आणले.

“आता बघा,” म्हणाले.